पुलाचा प्रश्न विचारणारा टेलर

टेलर महापौर झाला तेव्हा त्याच्या अंगात त्यानंच शिवलेला कोट होता, आणि तो त्याला सैल होत होता. पहिल्यांदा आमदार झाला तेव्हा शिवलेला तो कोट. तेव्हा अंग भरलेलं होतं, आवाज खणखणीत होता. कोट तसाच राहिला, आतला माणूस आटत गेला. उन्हाळ्यात विहिरीचा कठडा जागच्या जागी असतो आणि पाणी मात्र खाली खाली जातं, तसं.

नाव त्याला होतंच, पण ते मतपत्रिकेपुरतं. बाकी सगळ्या शहराला तो टेलर. विधानसभेतसुद्धा समोरच्या बाकांवरून कुणीतरी हळूच म्हणायचं, "उठला बघ टेलर, आता माप घेणार." आणि तो खरोखर माप घेतल्यासारखाच बोलायचा. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही.

त्याचं दुकान गल्लीच्या तोंडाशी होतं. एक मशीन, एक कातर, भिंतीला उभा आरसा. आईबाप लवकर गेले. थोरल्या बहिणीनं त्याला वाढवला, शिवणकामाला घातला, आणि दुकान निघाल्यावर त्याच्या सदऱ्यांची काजं तीच करू लागली. ताईचं लग्न ओढ्यापलीकडच्या गिरणीच्या वस्तीत झालं. ओढ्यावर पूल नव्हता. शहराला पाणी नेणारा जाड लोखंडी नळ ओढ्यावरून आडवा टाकलेला होता, त्यावरून माणसं ये-जा करत. शाळेची पोरं, गिरणीचे कामगार, दवाखान्यात निघालेली बाळंतीण, सगळी त्या नळावरून. रस्त्यानं वळसा घालायचा म्हटलं तर अर्धा दिवस मोडायचा. ताई डोक्यावर कपड्यांचं गाठोडं घेऊन चालायची, एक हात गाठोड्याला, एक हवेत.

एका पावसाळ्यात ती घसरली. गुडघा फुटला. गाठोडं वाहून गेलं, त्यात कुणाच्या तरी लग्नाचे सदरे होते. ओल्या लुगड्यानं दुकानाच्या पायरीवर बसून ती पहिल्यांदा काय म्हणाली असेल? "त्या लोकांना काय सांगायचं रे आता?"

त्या दिवशी टेलर उठला तो पुन्हा मशीनवर धड बसलाच नाही. महापालिकेत गेला, तिथं कुणी उभं केलं नाही. वस्तीतली माणसं म्हणाली, तूच उभा राहा. उभा राहिला. निवडून आला.

विधानसभेत त्यानं पहिला प्रश्न पुलाचा विचारला. मंत्री म्हणाले, "तपासून पाहू." पुढच्या अधिवेशनात त्यानं तोच प्रश्न नव्यानं बेतला. पुन्हा "तपासून पाहू." टेलर हटणारा नव्हता. त्याचा प्रश्न असा पक्का शिवलेला असे की उसवायला मंत्र्यांना धागा सापडत नसे. वर्तमानपत्रांत त्याचे फोटो येत. वस्तीत त्याला हार घालत, पलीकडून नळावरून चालत येऊन घालत. दुसऱ्यांदा निवडून आला, तिसऱ्यांदाही आला. त्याचा पक्ष कधी सत्तेत आला नाही, त्यामुळे विचारण्यापलीकडे दुसरं काही करायची पाळी त्याच्यावर आली नाही.

ताई म्हणायची, "तुझा प्रश्न आता थोरला झाला. स्थळं बघायला लाग."

"ताई, चेष्टा करतेस?"

"मी कशाला करू? चेष्टा मंत्री करतायत. मी काजं करतेय."

मग पक्षानं त्याला शहराच्या महापौरपदाला उभं केलं, आणि तो निवडून आला. तोवर ताईचा गुडघा पार गेला होता. डॉक्टर म्हणाले, काठी घेऊन सपाट रस्त्यानं चालतील, पण नळावर पाय ठेवायचा नाही. तेव्हापासून ती ओढ्याअलीकडे आलीच नव्हती. टेलरला आता जगात एकच काम उरलं होतं. ताई आपल्या पायांनी दुकानाच्या पायरीवर येऊन बसली पाहिजे. तिचे पाय चालतायत तोवर.

महापालिकेच्या पहिल्या सभेत त्याच्या हातून भलतंच झालं. पाणीपुरवठ्याचा विषय निघाला आणि टेलर महापौरांच्या उंच खुर्चीतून ताडकन उठला, हात वर केला आणि म्हणाला, "अध्यक्ष महाराज, माझा प्रश्न असा आहे..." मग मागच्या बाकावरची एक नगरसेविका म्हणाली, "बसा दादा. अध्यक्ष तुम्हीच आहात." हशा झाला. टेलरही हसला, पण बसताना त्याला कळलं की त्याच्या हातांना दुसरं काही येतच नाही.

सभा संपल्यावर त्यानं शहर अभियंत्याला दालनात बोलावलं. अभियंता निवृत्तीला आलेला, सभ्य, चहात बिस्कीट बुडवून खाणारा माणूस.

"ओढ्यावरच्या पुलाचं काय करायचं?" टेलरनं विचारलं.

"तो आपल्याला करता येत नाही, साहेब."

"का? ओढा शहराचा, रस्ता शहराचा."

"हो, पूलही शहराचाच. छोटा पादचारी पूल, आपल्या अधिकारात बसतो. नकाशा तर कधीचा तयार आहे." अभियंत्यानं कप बशीत ठेवला. "पण विषय विधानसभेत चालू आहे ना. तिकडून दर अधिवेशनाला माहिती मागवतात, पुलाची सद्यस्थिती काय. आम्ही कळवतो, काम सुरू नाही. आता कळवल्यावर काम सुरू केलं तर आमची माहिती खोटी ठरते. मंत्र्यांनी सभागृहात तपासून पाहू म्हटलंय. ते तपासेपर्यंत कोण हात लावणार? माझ्या आधीच्या साहेबांनी लावला नाही, त्यांच्या आधीच्यांनी लावला नाही."

खिडकीबाहेर कामगार झाडांना पाणी घालत होते.

"आणि प्रश्न विचारलाच नसता तर?"

अभियंत्यानं त्याच्याकडे बघितलं आणि नजर बिस्किटाकडे वळवली. "आता तसं कसं म्हणावं, साहेब. आपण तळमळीनं विचारत होता."

"मी विचारतोय, विचारलाच नसता तर?"

"तर झाला असता. कधीच."

टेलरनं कोटाची गुंडी काढली, पुन्हा लावली. गुंडी जागेवर होती. ते काज ताईनं केलेलं होतं.

"आता मोकळा कसा करायचा?"

"एकच वाट आहे. ज्यांनी विचारला त्यांनी जाहीर सांगायचं, सरकारच्या उत्तरानं माझं समाधान झालं. मग तिकडचा विषय मिटतो. इकडे मी उद्या कुदळ मारतो."

ही बातमी पक्षाच्या अध्यक्षांच्या कानावर गेली. ते स्वतः टेलरच्या दालनात आले. जाडजूड, हसतमुख माणूस, बसताना खुर्चीला विचारून बसल्यासारखा.

"काय ऐकतोय मी? समाधान झालं म्हणणार तुम्ही?"

"म्हणावं लागतं."

"अहो टेलर, महापौरपद वर्षाचं, पुढची निवडणूक तोंडावर. तुमची सगळी कमाई काय, तर हा माणूस पुलासाठी भांडतो. पूल नाही, दगड नाही, आणि तुम्ही म्हणणार समाधान झालं? विरोधक तुम्हाला रस्त्यात सोलतील. म्हणतील विकला गेला." अध्यक्षांनी आवाज खाली आणला. "निवडणूक होऊ द्या. मग काय बोलायचं ते बोला. इतकी वर्षं थांबला ओढा, अजून वर्षभर थांबेल."

"ओढ्याला काय, तो थांबेल," टेलर म्हणाला.

"आणि खरं सांगू? झालेल्या पुलाला कुणी मत देत नाही. लोक मत देतात ते व्हायच्या पुलाला."

यात खोटं काही नव्हतं. टेलरला ते अध्यक्षांपेक्षा जास्त माहीत होतं. तीन वेळा त्यानं तीच मतं घेतली होती.

रविवारी तो वळसा घालून ताईकडे गेला. ती दारात स्टुलावर बसून सुईत दोरा ओवत होती. डोळे अधू झाले होते, तरी दुसऱ्याला ओवू द्यायची नाही.

त्यानं सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. ताई दोरा ओवतच राहिली.

"म्हणजे तू विचारलास म्हणून झाला नाही."

"हो."

"आणि आता विचारायचं थांबवलंस तर होईल, पण तू पडशील."

"बहुतेक."

"पडलास तर काय करशील?"

"दुकान आहे."

"मशीन गंजलंय तुझं. तेल कधी घातलंस?" दोरा एकदाचा सुईत गेला. तिनं गाठ मारली. "हे बघ, बाबा. माप घेऊन ठेवलं म्हणजे सदरा होत नाही. गिऱ्हाईक उघडं बसलंय किती वर्षं. माप ठेव खाली, कापड काप."

तिनं रागानं म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं. ती नुसती दमलेली होती. तोही दमला होता. दोघं ओढ्याकडे बघत बसली. नळावरून एक बाई चप्पल हातात घेऊन येत होती.

त्या आठवड्यात टेलरनं पत्रकारांना बोलावलं आणि उभ्या उभ्या सांगितलं, "ओढ्याच्या पुलाबद्दल सरकारनं दिलेल्या उत्तरानं माझं समाधान झालं आहे." एका पत्रकारानं विचारलं, "पण उत्तर काय होतं?" टेलर म्हणाला, "तपासून पाहू." लोक हसले. का म्हणून कुणी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "पूल व्हावा म्हणून." ते कुणी छापलं नाही.

शहरात त्याला नवं नाव पडलं, समाधानी महापौर. भाजी घेताना, केस कापताना लोक म्हणायचे, काय मग, समाधान? ज्या वस्तीनं हार घातले तिथं त्याच्या सभेला समोरच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. म्हातारी माणसं दारातून आत वळली. तो समजावत बसला नाही. समजावायला गेलं तर आपणच इतकी वर्षं पूल अडवून बसलो होतो हे सांगावं लागलं असतं, आणि ते ऐकून त्यांचं काय भलं होणार होतं? अभियंता मात्र शब्दाला जागला. ओढ्याच्या काठाला कुदळ पडली.

निवडणुकीत टेलर पडला. चांगलाच पडला. तेव्हा पुलाचे खांब नुकते पाण्यावर आले होते. पूल पुरा झाल्यावर फीत कापली नव्या महापौरांनी. टेलरला बोलावणं होतं, मागच्या रांगेचं. तो गेला नाही. त्या सकाळी तो मशीनमध्ये तेल सोडत बसला होता.

दुपार कलली तेव्हा पायरीवर काठी वाजली. त्यानं मान वर केली नाही. मशीनचं चाक फिरवत राहिला, कारण मान वर केली तर काय होईल याचा त्याला भरवसा नव्हता. ताई पायरीवर टेकली. धाप लागली होती. थोड्या वेळानं म्हणाली,

"अरुंद आहे रे. समोरून कुणी आलं की अंग चोरावं लागतं."

"नकाशा जुना होता. माणसं वाढली."

"कठडाही जरा बुटका आहे."

"हो. बघितलं मी."

"मग सांग की त्यांना कुणीतरी. तक्रार कर."

टेलर चाकावरचा हात न काढता तिच्याकडे बघत राहिला. ताईनं त्याचा चेहरा बघितला आणि पदर तोंडाला लावला. हसत होती की काय, कळेना.

"बरं, राहू दे," ती म्हणाली. "तू नको. मी सांगते अभियंत्याला. काज करायचं काही आहे का?"

त्यानं कोट काढला आणि तिच्या मांडीवर टाकला. "हा आत घ्यायचाय. बाजूंनी."

ताईनं तो उलटा केला, शिवण बोटांनी चाचपली आणि कातर मागितली.