वण मऊ होईपर्यंत

टाके निघाले की माणूस सर्जनच्या तावडीतून सुटतो आणि माझ्या तावडीत सापडतो. मी वडवणीत फिजिओथेरपी करते. जखम भरली तरी वरचा वण आखडतो, आजूबाजूची कातडी ओढून धरतो. तो मऊ होईपर्यंत रोज तेल लावून चोळायचं, ताणायचं. काम इतकं कंटाळवाणं, की माणसं बोलत सुटतात. बाजाराच्या दिवशी तर मी रिकाम्या डब्याबरोबर दोन-चार किस्से घेऊनच घरी जाते.

गंगूबाईंचा उजवा तळहात कडबाकुट्टीच्या यंत्रात कापला होता. वण काही केल्या मऊ होईना.

"मावशी, रोज चोळता ना?"

"चोळते की, दोन टाइम."

"कसं ते दाखवा बरं."

मावशींनी तेल घेतलं आणि डावा हात चोळायला लागल्या!

"अहो, हा तर चांगला हात."

"त्यो उजवा दुखतोय की बाई. दुखत्याला कशापायी छळू?"

मग मी त्यांना सिलिकॉनची पट्टी दिली, दिवसभर वणावर लावून ठेवायला. पुढच्या खेपेला हात मोकळाच.

"पट्टी कुठाय?"

"ट्रंकेत ठिवली. लई भारी वस्तू हाय, पुतणीच्या लग्नात लावीन."

खोलीतले सगळे हसले, मीही हसले. पण मावशींना हवी होती भाकरी, स्वतःच्या हातची. बोटं पसरत नाहीत तोवर ती थापता येत नाही. मी म्हटलं, सून करते ना?

"करती की. लई चांगली करती. तेच तर. समदे जेवून उठत्यात, माझी याद कुणालाच येत न्हाई."

मी त्यांचा हात चोळत राहिले.

आप्पा म्हणजे गावचे पुढारी. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. येताना सोबत चार कार्यकर्ते. मी वणाला हात लावला, की आप्पांच्या आधी तेच कण्हायचे. पहिल्याच दिवशी आप्पांनी एकाला पुढं केलं.

"ताई, व्यायाम ह्याला शिकवा. माझ्या वतीनं हा करील."

पण त्यांचंही एक दुखणं होतं. पंगतीत मांडी घालून बसता येत नाही, कडेला एकटं बसावं लागतं. एकदा हळूच म्हणाले, "जल्मभर खुर्चीसाठी पळालो. आता खाली बसायचंय, तर जमंना."

आणि बिरूआबा, मेंढपाळ. एडक्यानं शिंग मारून वरचा ओठ फाडला होता. ओठ जुळला, पण वण असा ताणला गेला की शीळच गेली. मेंढरं घेऊन धाकटा भाऊ चाऱ्यासाठी लांब गेलेला, आबा घरी एकटे. आबांची ती लांब शीळ म्हणजे मेंढरांना माघारी वळायची खूण. "शीळ न्हाई तर मी त्यांचा कोण?" असं म्हणायचे, आणि मला फार वाईट वाटायचं.

मी सांगितलं, ओठ ताणा, फुंका, जमेल तिथं सराव करा. आबांनी तो भरल्या एसटीत केला. कंडक्टरबाई कडाडल्या, "आबा, वय काय, करताय काय?"

आबा मला म्हणाले, "शीळ वाजली असती ना ताई, तर शिव्याबी गोड लागल्या असत्या."

पुढं एका बाजाराच्या दिवशी माझ्या खोलीत ती वाजली. बारीक, पण लांब. गंगूबाईंचा तेलाचा हात थांबला, आप्पांची माणसं कण्हायची थांबली. आबांनी भावाला फोन लावला.

"ए, फोन मेंढरांपाशी धर."

त्यांनी डोळे मिटून शीळ घातली. पलीकडून आधी काहीच नाही. मग घंट्यांचा आवाज आला, एकीचा, मग पुष्कळांचा. पाठोपाठ धापा टाकत भाऊ बोलला.

"दादा, आता बास कर. म्होरकी मेंढी गावाकडं वळली, समद्या तिच्यामागं निघाल्यात."