डाव्या हाताचं हळदीकुंकू

"उजवा हात कोपराच्या वरून काढावा लागेल," डॉक्टर म्हणाले. "हात वाचवायला गेलो तर कॅन्सर मागे राहील."

मी पतपेढीत हिशेब लिहिते. त्यामुळे आधी हात वाचण्याची टक्केवारी विचारली. ते म्हणाले, "आकडा धरून बसू नका. गाठीनं नसा वेढल्यात, एवढं पक्कं आहे."

रोगाचं नाव सॉफ्ट टिश्यू सार्कोमा. म्हणजे स्नायू, चरबी अशा मऊ भागात वाढणारा कॅन्सर. कोपराखाली सुपारीएवढी गाठ आली होती. दुखत नव्हती म्हणून मी उन्हाळाभर थांबले. तुम्ही थांबू नका. गाठ वाढत असेल तर दुखो न दुखो, दाखवा.

बायोप्सी, म्हणजे गाठीचा बारीक तुकडा काढून तपासणं, आधीच झाली होती. मग कॅन्सर फुप्फुसांत पसरलाय का ते बघायला छातीचा सीटी स्कॅन झाला. फुप्फुसं स्वच्छ निघाली, तेव्हा माझ्या नवऱ्यानं बाकावरच डोळे मिटून घेतले.

ऑपरेशननंतर नसलेली बोटं दुखायची. याला फँटम पेन म्हणतात. वेड लागलं असं समजू नका. नर्सला सांगा, त्यावर औषध असतं.

शेजारच्या खाटेवर तिसगावच्या कांताबाई होत्या. मांडीतली गाठ काढलेली. शेती करणाऱ्या, माझ्याच वयाच्या. एका हातानं वेणी होत नाही हे त्यांनी न सांगता ओळखलं. रोज सकाळी त्या माझ्या खाटेवर येऊन बसायच्या आणि घट्ट वेणी घालायच्या.

एकदा डाव्या हातानं लावलेली माझी टिकली भुवईवर गेली. ती काढून मी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी हात मागे घेतला.

"न्हाई बाई, माज्या हातानं नगं. मालक जाऊन लई वर्सं झाली."

"वेणी चालते आणि टिकली चालत नाही?"

"वेनीला कोन बघतंय वो?" असं म्हणून त्या हसल्या. मला हसू आलं नाही.

मला एकच हात उरला होता, त्यांचे दोन्ही धड होते. तरी टिकली लावायची मुभा मलाच होती. दर चैत्रात मी गौरीचं हळदीकुंकू करते. त्या मानात माझं कर्तृत्व काय, तर नवरा जिवंत आहे, एवढंच. हा हिशेब मी कधी मांडलाच नव्हता.

घरी आले, किमोथेरपी नको असं ठरलं, चैत्र आला. मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, "तू आपली खुर्चीत बस. डाव्या हातानं कुंकू लावत नाहीत. माझी सून लावेल सगळ्यांना."

"घर माझं, गौर माझी," मी म्हटलं. "मीच लावणार."

त्या दिवसापासून नवऱ्याच्या कपाळावर सराव सुरू केला. पहिला आठवडा हळद नाकावरच. एकदा ते तसेच दूधवाल्यापुढे गेले. त्यानं विचारलं, "काका, कुठं लग्न का?"

कांताबाईंना फोन केला. कशासाठी बोलावते आहे, तिथे कोण काय बोलेल, सगळं स्पष्ट सांगितलं. मनात नसेल तर नुसती डाळ खायला या, म्हटलं. त्या म्हणाल्या, "येते. पन मी दारापाशीच बसंन."

त्या काठी टेकत एसटीनं आल्या आणि खरंच दारापाशी बसल्या. मी करंडा खुर्चीवर ठेवला आणि डाव्या हातानं सुरुवात त्यांच्यापासूनच केली.

"अगं, डाव्या हातानं? आणि तेही हिला?" जाऊबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या.

"उजवा दवाखान्यातच राहिला, वहिनी. तो परत यायची वाट बघू का?"

कांताबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि कपाळ पुढे केलं. कुंकू जागेवर लागलं.

दोघी जणी कुंकू न लावून घेता गेल्या. आंब्याची डाळ तेवढी खाऊन गेल्या. जाऊबाई मात्र शेवटपर्यंत बसल्या. पुढच्या चैत्रातही मी असंच करणार आहे, त्यांना सांगून ठेवलंय.

सगळ्यांना लावून झाल्यावर मी दारापाशी गेले, करंडा कांताबाईंसमोर धरला आणि वाकले.

"बगा हां," त्या म्हणाल्या.

"लावा."

त्यांनी लावलं. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच माझं कुंकू बरोबर मध्यभागी होतं.