गोट्यांखालचं वावर

आईचा ओटा ओढ्याकाठी बांधायचा, हे आबांनीच, माझ्या वडिलांनी ठरवलं. वेरूळच्या डोंगराखाली आमचं वावर आहे. आमच्या घरात माणूस गेलं की त्याला आपल्याच वावरात अग्नी देतात. राख गोदावरीला नेली तरी मूठभर तिथंच पुरतात आणि वर हातभर उंचीचा ओटा बांधतात. आई दुपारची भाकर ओढ्यालगतच्या कडुलिंबाखाली बसून खायची, म्हणून तीच जागा. आबा रोज सकाळी तिथं जाऊन बसायचे आणि गावातल्या बारीकसारीक खबरी तिला सांगायचे. मी शहरातून फोन केला की म्हणायचे, "थांब जरा, तुझ्या मायशी बोलतोय." मला हसू यायचं, आणि फोन ठेवला की रडू.

भादव्यात एका दुपारी डोंगरावर ढगफुटी झाली. दुसऱ्या दिवशी मी गेले, तर वावर ओळखूच येईना. पूर मी लहानपणापासून पाहिलाय. पाणी येतं, पीक आडवं करतं आणि निघून जातं. इथं मात्र कालवलेल्या सिमेंटसारखा चिखल बसला होता आणि त्यात म्हशीएवढाले धोंडे. भावानं वरच्या बांधावर उभं राहून ते सगळं येताना पाहिलं होतं. डोंगरातून निघालं तेव्हा नुसतं गढूळ पाणी होतं म्हणे. त्यानं आधी ओढ्याचा तळ खरवडला. तळ खोल गेला तशा दोन्हीकडच्या दरडी आत कोसळल्या. माती मिसळून ते घट्ट झालं, आणि मग धोंडेही उचलायला लागलं.

"जेवढं खात व्हतं तेवढी त्याची भूक वाढत व्हती, ताई," भाऊ म्हणाला. "वळणावर तर मावलंच नाय. सरळ आपल्या वावरात घुसलं."

धोंडे डोंगराचे होते. पण वावरभर पसरलेले ते डोक्याएवढे, मुठीएवढे गोटे आमचेच होते. उन्हाळ्यात नांगरट झाली की बायांनी गोटे वेचायचे, पाट्या भरायच्या आणि कोरड्या ओढ्यात नेऊन टाकायच्या, ही आमच्याकडची जुनी रीत. सगळं गाव हेच करतं. वावर स्वच्छ दिसतं, चारचौघांत मान राहतो, आणि ओढ्याला कोण विचारतं! या कामात आईचा हात कुणी धरू शकत नव्हतं. पाट्या वाहून वाहून तिच्या टाळूवरचे केस विरळ झाले होते. तिनं जन्मभर डोक्यावरून जे बाहेर काढलं, ते ओढ्यानं आयतं उचललं आणि तिच्याच अंगावर आणून टाकलं. मला याचा अजून संताप येतो. तो कुणावर काढायचा ते मात्र समजत नाही.

ज्वारीची पेर साधावी म्हणून भावानं जेसीबी आणला. आबा त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"कुठं खोदतो? ती कुठंय ठाव हाय का तुला?"

"आबा, ओटा वाहून गेला असंल."

"गेला असंल तर दाव मला. नाय तर खालीच हाय ती."

दाखवणार काय? कडुलिंब गेला होता, विहीर बुजली होती, ओढ्यानं वाट बदलली होती. भाऊ एक जागा सांगे, मी दुसरी. आबांची जागा तर रोज बदलायची. भाऊ चिडला, ओरडला आणि शेवटी बांधावर बसून लेकरासारखा रडला. त्याचंही काही चुकत नव्हतं, घरात खाणारी तोंडं होती. जेसीबीवाला बराच वेळ थांबला आणि कंटाळून निघून गेला. पेर हुकली. भाऊ आता शेंद्र्याला कंपनीत जातो, आणि वावर तसंच पडून आहे.

परवा मी आबांबरोबर तिकडं गेले. बांधाशी त्यांनी चपला काढल्या आणि अनवाणीच त्या गोट्यांवर चालायला लागले. त्यांच्या टाचांना जागोजागी चिरा पडल्या होत्या, एकीतून रक्त येत होतं. मी तापलेच. म्हटलं, "आबा, या वयात हे काय चालवलंय? घाला बरं आधी चपला."

त्यांनी वळून पाहिलं. "अगं, चपलंचा पाय तिच्यावर पडला तर?" एवढंच म्हणाले, आणि पुढचं पाऊल कुठं टाकावं ते बघत तसेच उभे राहिले.