चुणीतलं सफरचंद

चूक फळवाल्याचीच होती, आणि ती एकदा नव्हे, बारा वेळा झाली होती. एका हॉटेलच्या बारा खोल्यांसाठी एकाच चित्राच्या बारा नकला रवाना झाल्या, आणि बाराही चित्रांतल्या टेबलांवर एक सफरचंद कमी. नुसतं कमी असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण पांढऱ्या कापडाला ते सफरचंद बसण्याजोगा खळगा पडलेला होता, खळग्यात सावलीही होती, आणि सफरचंदाचा पत्ता नव्हता. जणू रंग ओला असतानाच कुणीतरी येऊन उचलून खाल्लं.

नकलांच्या कारखान्याच्या मालकांनी हॉटेलातून आलेला फोटो त्याच्यापुढे धरला आणि विचारलं, हे कुठे गेलं. फळवाल्यानं फोटो बराच वेळ न्याहाळला. मग अगदी खरं तेच सांगितलं.

"ते ताईचं."

हे समजायचं तर त्या कारखान्याची रीत समजून घ्यायला हवी. कारखाना म्हणजे पत्र्याखालची एक लांबलचक खोली, टर्पेंटाइनच्या वासात मुरलेली. तिथे जुन्या परदेशी चित्रांच्या नकला हातानं रंगवत. सगळ्यात खपाचं चित्र होतं टेबलाचं. टेबल तिरकं, त्यावर निळसर सुरई, चुरगळलेलं पांढरं कापड आणि आत्ता घरंगळतील की मग, अशी सफरचंदं. कॅटलॉगात या शैलीला 'उत्तर-दृक्प्रत्ययवाद' म्हटलं होतं. ते म्हणताना जिभेला गाठ बसायची, म्हणून सगळे नुसतं 'टेबल' म्हणत. कॅनव्हास ओळीनं लावायचे आणि ज्यानं त्यानं आपापलं काम ओळभर करत जायचं. सुरईवाला सुरया काढी. तिथे एक भाऊ-बहीण होते. फळं धाकट्या भावाकडे, म्हणून तो फळवाला. कापड त्याच्या थोरल्या बहिणीकडे. तिला सगळेच ताई म्हणत, मालकसुद्धा.

एक सफरचंद मात्र कापडाच्या चुणीत अर्धं बुडालेलं होतं. त्याला हात लावला की कापड बिघडे, कापडाला लावला की ते बिघडे. रोजची कटकट नको म्हणून ताईनं पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं, चुणीतलं तिचं. तेव्हापासून फळवाला तेवढं एक सोडून पुढे सरके. ताई मागून येई, ते भरी आणि न चुकता म्हणे, "बघ, तुझ्यापेक्षा माझं गोड." रंगवलेल्या फळाची चव कुणी बघितली आहे? पण वीस वर्षं हे चाललं.

मग ताईनं लग्न केलं. पन्नाशीच्या उंबऱ्यावर. वजनकाटे दुरुस्त करणारा एक विधुर कारखान्यातला पार्सलचा काटा नीट करायला आला होता. तोच काटा पाठोपाठ तीनदा बिघडला, तेव्हाच लोकांना संशय यायला हवा होता. ताई त्याच्या गावी गेली. फळवाला सगळ्यांना सांगत सुटला की बरं झालं, आता दुपारचा चहा तरी पुरता मिळतो. कापडही त्यानंच अंगावर घेतलं. त्याचं कापड कडक इस्त्रीचं दिसतं, असं सुरईवाला म्हणे. ताई गेल्यानंतरची टेबलांची ही पहिलीच ऑर्डर. चुणीतल्या सफरचंदापाशी आला की फळवाल्याचा हात आपोआप पुढे सरके. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, त्यातलं. मागून यायला आता कुणी नव्हतं, इतकंच त्या हाताला कळलं नाही. मालकांनी बांधणीच्या वेळी रंग वाळलाय का ते बोट लावून पाहिलं, सफरचंदं मोजायचं त्यांच्याही डोक्यात आलं नाही.

फर्मान निघालं की रंगाचा डबा घे, हॉटेलात जा आणि जागेवर भरून ये. फळवाल्याचं तोंड उतरायला हवं होतं, ते खुललं. हॉटेल ताईच्याच गावात होतं. गाडीत बसल्यापासून तो मनाशी बेत करत होता. तिला एकदा ब्रश हातात धरू द्यायचा. मग ती आपणहून म्हणेल, चल, येते. भावजींनाही आणावं. बिघडलेले काटे काय, कुठेही मिळतात.

निरोप मिळताच ताई हॉटेलात आली. जरा अंग धरलं होतं. नखांत रंग नव्हता, आणि ते त्याला फार लागलं. दोघं खोलीमागून खोली करत निघाली. व्यवस्थापक किल्ल्यांचा जुडगा घेऊन मागे, चादरींवर डाग पडू नयेत म्हणून डोळ्यांत तेल घालून. ब्रश फळवाल्यानं मुद्दामच तिच्या हाती दिला. पहिलं सफरचंद तिनं चाचपडत भरलं, तिसऱ्यापासून हात बसला. आधी लाल, त्यावर पिवळ्याचा एक फटकारा, कडेला हिरवट, आणि शेवटी कापडाचा पांढरा उलटा ओढून फळाचं बूड त्यात बुडवायचं. हात चालू होता तसं तोंडही. भावजी घोरतात, शेजारीण चोंबडी आहे, खिडकीतल्या कुंडीला कळी धरली आहे. फळवाला ते 'गोड' ऐकायला कान टवकारून होता. ते काही आलं नाही.

निम्म्या खोल्या झाल्यावर त्यालाच राहवेना.

"परत ये ना. तुझं स्टूल कुणाला हलवू दिलं नाही मी."

ताई ब्रश पुसत राहिली. "अरे, वीस वर्षं दुसऱ्याच्या टेबलावरचं कापड चुरगळलं मी. आता टेबल माझं आहे. त्यावर कापडही माझंच, आणि ते मी सरळ घालते."

"मग तिकडे चुणीतलं कुणी काढायचं?"

"तू."

"मला नाही जमत."

"जमत नाही, की काढायचं नाही?"

फळवाल्यानं डबा उचलला आणि तो पुढच्या खोलीकडे निघाला.

शेवटच्या खोलीचं दार आतून बंद निघालं. पाहुणा झोपलेला. खाली भावजी स्कूटर सुरू करून उभे होते. ताईनं ब्रश त्याच्या हाती दिला आणि म्हणाली, "तेवढं एक भर तू."

"छे, ते तुझं. वीस वर्षांची बोली आहे."

"मग राहू दे माझ्यावर उधार. बघू पुढेमागे." पायऱ्या उतरताना ती मध्येच थांबली आणि मागे न बघता म्हणाली, "आणि गोड माझंच."

परतीच्या गाडीला वेळ होता. फळवाला खालच्या बाकावर बसला होता, तेवढ्यात व्यवस्थापक लगबगीनं आला. पाहुणा उठून बाहेर गेलाय, दोन मिनिटांचं काम, उरकून टाका. फळवाला वर गेला. खळगा आणि सावली जागच्या जागी वाट बघत होती. डब्यातला रंग ओला होता. आणि खरं सांगायचं तर आता जमलंही असतं, इतक्यांदा शेजारी उभं राहून बघितल्यावर दगडालाही जमलं असतं. त्यानं डब्याचं झाकण दाबून बसवलं आणि व्यवस्थापकाला सांगितलं की हे ज्याचं काम, तो कारागीर निघून गेला, पुन्हा यावं लागेल.

कारखान्यात नव्या ओळी लागतात. चुणीतलं सफरचंद फळवाला आता स्वतःच भरतो. सुरईवाला म्हणतो, आंबट दिसतं. मालक अधूनमधून हॉटेलच्या त्या शेवटच्या खोलीचं काय झालं म्हणून विचारतात. फळवाला ओळीवरून नजर न काढता सांगतो, ताईला सवड झाली की बघू.