सुरण, सासरे आणि चिंचेचा गोळा

सुरणाच्या भाजीपायी कुणाची बायको माहेरी जाते का? माझी गेली! हसू नका, आधी ऐका तर!

तेव्हा निजाम सरकारचं राज्य. दिंद्रुडात माझं कापडाचं दुकान होतं. लुगडी विकायचो ती नुसत्या जिभेवर. तहसिलीतला पेशकार आला तरी माझ्यापुढं त्याला तोंड उघडायला सवड मिळायची नाही!

लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. दसरा सरला आणि बायकोचा, चंद्राचा, आडावर पाय मुरगळला. ही खबर माजलगावला सासऱ्यांपर्यंत कशी पोचली देव जाणे. बैलगाडी दारात हजर!

"जावईबापू, लेकीला नेतो. दिवाळी करूनच धाडीन."

दिवाळी करून? म्हणजे महिना गेला की हो माझा!

"मामा, तिला नेता कावून? सैपाकपाणी मी बघतो की!"

"तुमी?" सासऱ्यांनी मला टोपीपासून वहाणांपर्यंत न्याहाळलं.

"आज माझ्या हातचं जेवा, मग बोला!"

घरात भाजी एकच. परसातून आदल्या दिवशी उकरलेला सुरणाचा गड्डा, घागरीएवढा! म्हटलं, चिरायचा आणि फोडणीला टाकायचा. त्यात विचारायचं काय?

विळीवर बसलो. चार फोडी झाल्या न झाल्या तोच हातांना अशी खाज सुटली म्हणता! मनगट खाजवावं तर कोपर पेटतंय, कोपर धरावं तर बोटं!

"अगं, लई खाजतंय!" मी ओरडलो.

चंद्रा पडवीत बाजेवर पाय पसरून बसलेली. तिथूनच म्हणाली, "आवं, सुरण हाय त्यो! फडताळात चिंच हाय, ती घ्या की!"

घेतली. अख्खा गोळा भिजवला आणि कोपरापर्यंत चोळला. काय गार वाटलं म्हणून सांगू! उरलेलं पाणी परसात ओतून दिलं आणि भाजी फोडणीला टाकली.

जरा वेळानं पडवीतून आवाज आला, "चिंच घातली न्हवं?"

"समदीच्या समदी!"

"मंग वाढा बिनघोर!"

सासरे पानावर बसले. भाकरीच्या मोठ्या तुकड्याबरोबर भाजी उचलली. दोन घास गेले. तिसऱ्याला हात थांबला आणि डोळ्यांत टचकन पाणी!

मला वाटलं, जावयाचं कौतुक दाटून आलं. मीही गहिवरलो. "लाजू नका, मामा," म्हणत आणखी पळीभर वाढली. ते हातानं नको नको करताहेत. पाहुण्यानं नको म्हणायची रीतच असते, नाही का? आणखी पळीभर!

शेवटी त्यांनी उठून घागरीकडंच धाव घेतली. घसा धरून घोगऱ्या आवाजात म्हणाले, "जावईबापू, ह्यात चिंच घातलीती का?"

"भाजीत? चिंच भाजीत घालायची असती?"

चंद्रा किंचाळली, "मंग घातली कुठं?"

मी गुपचूप दोन्ही हात वर केले.

चंद्रा हसता हसता बाजेवरून पडायची राहिली. घशाची खाज जावी म्हणून गूळ चघळत बसलेले सासरेही खो खो हसायला लागले. इथं मुकाट बसावं की नाही मी? पण नाही!

"एवढं काय झालं न्हाई," मी म्हणालो. "बघा, मी खाऊन दावतो."

ताट भरून घेतलं. पहिला घास ऐटीत गिळला. दुसराही. तिसऱ्याला घशात कुणीतरी बाभळीची फांदी कोंबली!

सासऱ्यांनी तेवढ्यात विचारलं, "मंग, लेकीला नेऊ का ठिवू? तुमीच सांगा."

मी तोंड उघडलं. 'ठेवा' म्हणायचं होतं हो! पण आवाजच फुटेना. आयुष्यात पहिल्यांदा माझी जीभ गप्प बसली, आणि तीही नेमकी तेव्हा!

"जावयाचं काय म्हणणं न्हाई," सासरे म्हणाले. "बैल जुंपतो!"

चंद्रा तोंडाला पदर लावून गाडीत बसली. तिचं हसू अजून थांबलं नव्हतं. माझा आवाज परत आला तोवर गाडी वेशीबाहेर पडली होती. मी मागं धावलो आणि जीव खाऊन ओरडलो, "न्हाई! न्हाई!"

शेजारीण दारात आली. "काय न्हाई, भावजी? काय झालं?"

"काय सांगू, वैनी," मी म्हणालो. "घरात सैपाक येणारं कुणीच न्हाई!"