मोगऱ्याच्या चार कळ्या आणि टँकरची मोजणी

रविवार, ८ मे २०१६. प्रवेशाचा खर्च शून्य रुपये. हजर : मी, बायको, सातवीतली मुलगी आणि आम्हाला तीन पास देणारा माझा मेहुणा. ठिकाण, नांदेडच्या अलीकडचं एक वॉटर पार्क.

त्यातला शून्यच मला खटकत होता. मेहुणा तीन वर्षांपासून त्या पार्कच्या पंपघरात कामाला होता. तीन वर्षांत त्यानं कधी पासाचं नाव काढलं नाही, आणि आता ऐन हंगामात, तेही अशा दुष्काळात, एकदम तीन पास. लातुरात आमच्या गल्लीत टँकर आठवड्यातून एकदा यायचा आणि घरटी दोनशे लिटर द्यायचा. अंघोळीचं पाणी फरशीला, फरशीचं संडासाला, असा आमचा क्रम लागलेला होता. भाजी धुतलेलं पाणी तेवढं बायको मोगऱ्याच्या कुंडीला राखून ठेवायची.

मला अर्ज लिहायची सवय आहे. रेशन दुकानाच्या मापाबद्दल, गल्लीतल्या गळक्या व्हॉल्व्हबद्दल, असे माझे बरेच अर्ज गेलेले आहेत. प्रत्येक अर्जाला मी भरलेल्या पैशांची पावती जोडलेली, आणि प्रत्येकाच्या दोन प्रती. एक त्यांना, दुसऱ्या प्रतीवर पोहोचल्याचा शिक्का घेऊन ती माझ्या फाइलला. लातूर तहानलेलं असताना हे पार्क कोणाच्या पाण्यावर चालतं, असं मी घरात चार-पाच वेळा मोठ्यानं विचारलं होतं. बायको आणि तिचा भाऊ रोज फोनवर बोलतात. तेव्हा हे पास कशासाठी आले, ते मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

म्हणून निघायच्या आदल्या दिवशी मी तहसीलदारांच्या नावानं अर्ज लिहूनच टाकला. ‘सदर ठिकाणी दररोज ____ टँकर पाणी आणले जाते’ एवढ्या ओळीत जागा कोरी ठेवली आणि कागद शर्टाच्या खिशात घातला. आकडा तिथं जाऊन, स्वतःच्या डोळ्यांनी मोजून भरायचा होता. मी डाळ मिलच्या वजनकाट्यावर काम करतो. गाडी भरलेली की रिकामी, हे मला टायर पाहून कळतं.

मेहुणा गेटवरच उभा होता. “या दाजी. कपाळावरची आठी इथंच जमा करा, पावती देतो तिची.”

“पाणी कुठून आणता?” मी विचारलं.

“आधी आत तर या. फिरून फिरून तेच पाणी हाय.”

हे वाक्य मी पूर्वी ऐकलेलं होतं. माझा जन्म बहात्तरच्या दुष्काळातला. लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. त्या सुमारास मैदानावर एक प्रदर्शन भरलं होतं आणि त्यात लाल-हिरव्या दिव्यांचं कारंजं होतं. इतकं पाणी वर जातं, तर ते संपत कसं नाही? वडील म्हणाले, तेच पाणी फिरतं. मला पटलं नाही. मी नळी शोधायला कारंज्याच्या हौदाखाली पोटावर सरपटत शिरलो आणि रखवालदारानं मला कानाला धरून बाहेर काढलं. नळी काही सापडली नव्हती.

आत लाटांचा एक तलाव होता. मुलगी कपडे बदलून कधी त्यात शिरली ते कळलंच नाही. बायको मात्र काठावर चप्पल काढून उभी राहिली. तिनं खाली वाकून बोटं बुडवली, डोळ्यांना लावली. मग पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढली. तिच्यात आमच्या कुंडीतल्या मोगऱ्याच्या चार कळ्या होत्या, लाल दोऱ्यात ओवलेल्या. त्या तिनं पाण्यावर सोडल्या आणि मागोमाग एक रुपयाचं नाणं टाकलं.

“अगं, ही गंगा नाही. फरशीचा हौद आहे.”

“इतकं पाणी एका जागी पाहून किती दिवस झाले,” ती म्हणाली. “तसंच पाय कसे घालू?”

मेहुण्यानं कपाळाला हात लावला. “अक्का, तू पण? रोज चाळणीत नाणी अडकून राहिली माझ्या. लातूरकडची गाडी आली की मला कुणी सांगावं लागत न्हाई, पंपच आवाज देतो.”

मी मागच्या भिंतीजवळ सावली धरून बसलो. अकरा वीसला मागच्या फाटकातून एक टँकर आला, टायर दबलेले. पाऊण तासानं गेला तेव्हा टायर वर आलेले होते. म्हणजे एक. साडेबाराला दुसरा. पुढे मात्र फाटकाच्या आड एक बस येऊन उभी राहिली आणि काही दिसेना. सगळ्यात उंच घसरगुंडीच्या मनोऱ्यावरून फाटक दिसलं असतं. वर जायचं तर त्यांचाच नायलॉनचा पोशाख घालावा लागतो, म्हणाले. शर्ट आणि त्यातला अर्ज लॉकरमध्ये ठेवून, गुडघ्यापर्यंतच्या निळ्या चड्डीत, मी दीड वाजता मनोऱ्यावर चढलो.

वरून फाटक स्वच्छ दिसत होतं. पण मागे तीसेक माणसं रांगेत होती.

“काका, बसा लवकर,” नळीच्या तोंडाशी उभा असलेला पार्कचा पोरगा म्हणाला.

“मला घसरायचं नाही. मी जिन्यानं जातो.”

“जिना फक्त चढायचा असतो काका. उतरायला हाच रस्ता.”

मी बसलो. हात छातीवर घ्या म्हणाला, घेतले. त्यानं पाठीला नुसता तळवा लावला.

पुढचं नीट सांगता येत नाही. नळीत अंधार होता, कानात पाण्याचा आवाज, वळणावर अंग भिंतीवर चढलं आणि पोटातलं सगळं मागे राहिलं. कोणीतरी मोठ्यानं ओरडत होतं. खाली हौदात पडल्यावर ते ओरडणं थांबलं, तेव्हा कळलं की तो मीच होतो. नाकातोंडात पाणी गेलेलं. मुलगी काठावरून बघत होती. “पप्पा, तुम्ही हसताय,” ती म्हणाली, तक्रार केल्यासारखी.

फाटक पाहायचं राहून गेलं, म्हणून मी परत चढलो. दुसऱ्यांदाही राहून गेलं. नंतर नंतर मी वर पोहोचल्यावर फाटकाकडे पाहिलंच नाही, पुढे किती माणसं आहेत तेवढं पाहत होतो. अकरा वेळा घसरलो. हे मोजलेलं आहे.

चार वाजता अंग पुसून, खिशात अर्ज आहे याची खात्री करून मी पंपघरात गेलो. मेहुण्यानं एक पंप बंद केला, झाकण फिरवून उघडलं आणि आतली जाळीची टोपली माझ्यासमोर उपडी केली. केसांचे गुंते, रबर, कानातला एक डूल, सात-आठ नाणी. आणि लाल दोऱ्यातल्या चार कळ्या, चेपलेल्या, पण ओळखू येणाऱ्या.

“आता पटलं? तेच पाणी फिरतं, दाजी.”

“मग टँकर कशाला?”

त्यानं कळ्या उचलून बाजूला ठेवल्या. “उन्हानं उडतं. लोकांच्या अंगावर जातं. तेवढं रोज भरावं लागतं. एका शेतकऱ्याच्या बोअरचं हाय, इकत घेतलेलं.”

“आज किती आले?”

“तुम्हीच मोजून राहिले होते ना?”

माझा हात शर्टाच्या खिशावर गेला.

“अर्ज हाय तुमच्या खिशात, अक्कानं सांगितलं मला,” तो म्हणाला. “बेचाळीस माणसं हाईत इथं. पार्क बंद, तर आमचा पगारही बंद. पण खोटं सांगत न्हाई. रोज तीन टँकर. टाकायचा तर तीनच टाका.”

परतीच्या एसटीत पेन माझ्या हातात होता. आकडा मिळाला होता, पण मी भरला नाही. मी मोजलेला नाही, ऐकीव आहे, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे माझ्या कानात अजून पाणी होतं आणि ते जाऊ नये असं वाटत होतं. तीन टँकर म्हणजे आमच्या गल्लीचा किती आठवड्यांचा वाटा, हा हिशेब मला तोंडी करता आला असता. तोही मी केला नाही. पासानं मी विकला गेलो नव्हतो. पण अकरा घसरगुंड्यांनी विकला गेलो की काय, ही शंका लोह्यापासून लातूरपर्यंत सोबत होती.

दहाव्या दिवशी पार्क बंद करण्याचा आदेश निघाला. कोणीतरी अर्ज केला होता.

“दाजी, न्हाई म्हणू नका आता,” मेहुणा फोनवर म्हणाला.

“माझ्याकडे अर्ज तसाच आहे. जागा कोरी आहे. येऊन बघ.”

“तुम्ही दोन प्रती करता. कोरी तुमच्याकडं, भरलेली त्यांच्याकडं.”

केलेल्या कामाचा शिक्का मिळतो. न केलेल्या कामाचा कुठे मिळणार? पुढचे चार महिने बायको भावाचे फोन गच्चीवर जाऊन घेत असे. तिच्या भावानं मिळेल ती मजुरी केली, हे मला तिच्याकडून, तेही तुटक कळलं.

सप्टेंबरअखेर पाऊस आला आणि बेतालच आला. दसऱ्यानंतर पार्क उघडलं. मेहुण्याला परत कामावर घेतलं होतं. पहिल्या रविवारी आम्ही तिघं पुन्हा गेलो आणि मी थेट तिकीट खिडकीवर गेलो. “मे महिन्यातल्या तीन पासांचे पैसे भरायचे आहेत.” खिडकीतल्या मुलीला काही समजेना. तिनं मेहुण्याला बोलावलं.

तो आला, माझ्याकडे न पाहता म्हणाला, “कशाला? फुकटचं फेडलं की अर्ज करायला मोकळे?”

“हो. त्याच्याआधी मोकळा नव्हतो. फुकटच्या पासावर आत जाऊन मी अर्ज दिला असता का? आधी खिडकीवर पैसे भरले असते, पावती अर्जाला जोडली असती.”

आता त्यानं माझ्याकडे पाहिलं. माझी फाइल त्याला चांगली माहीत होती. मग बहिणीकडे वळला. “अक्का, हे मात्र खरं हाय. पावती जोडल्याशिवाय ह्या माणसानं जन्मात अर्ज दिला न्हाई.”

“मी मे महिन्यापासून तेच सांगते,” बायको म्हणाली.

खिडकीतल्या मुलीनं आजच्याच तारखेची तीन तिकिटं फाडली, तिच्याकडे दुसरा मार्ग नव्हता. मेहुण्यानं ती हातात घेतली आणि फाटक उघडलं. “चला दाजी. आज टँकर न्हाई, मोजायला काही न्हाई. जिना तिकडं.”

मोठ्यांचे साडेचारशेप्रमाणे दोन, लहान एक तीनशे. एकूण बाराशे रुपये, रोख, तिकीट खिडकीवरच्या मुलीला.