धापेचं माप

पवनीची मावशी उभ्या माणसाचं माप घेत नसे. दारात आलेल्या मुलीला ती बस म्हणायची नाही, पाणी विचारायची नाही. सरळ तळ्याकडे बोट दाखवायची. "पाळीवरच्या झाडाले हात लाव अन् पळत वापस ये." मुलगी परत येऊन कमरेवर हात ठेवून धापा टाकू लागली, की मावशी टेप घेऊन तिच्याभोवती फिरायची. श्वास आत असताना छाती किती, बाहेर सोडल्यावर किती, पळून फुगलेली मांडी किती, सगळं खडूनं पाटीवर. म्हणून आम्ही भरतीच्या मुली तिला धापमावशी म्हणायचो. तिला ते माहीत होतं, आणि आवडायचंही.

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा होऊन काही वर्षं झाली होती. आमच्या आसगावच्या आणि आसपासच्या मुली पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर पळायच्या. अंगात सलवार-कमीज आणि ओढणी कमरेला गुंडाळलेली. मावशीनं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती हसलीच. "ह्या सलवारीत माणूस बाजारात जाते व, पळत नाही." तिचं घर विणकरांचं. नवरा मागावर, ती शिलाई मशीनवर. आम्हाला पळायचे कपडे शिवून द्यायचं तिनं स्वतःच ठरवलं. आम्ही कुणी विचारलंही नव्हतं.

कापडाच्या बाबतीत ती भलतीच खडूस. कापडाचं टोक पाण्यात बुडवायची, मनगटाच्या आतल्या बाजूला ठेवायची, फुंकर मारायची आणि डोळे मिटून बसायची. कापड चिकटलं की दुकानदाराला परत. "कपड्यानं घाम पेला पायजे. जो पेत नाही, तो आंगातच कोंडून ठेवते," असं ती म्हणायची. आणि शिवून झाल्यावर ठरलेलं वाक्य: "आंगावर कपडा हाय हे समजलं, तं कपडा चुकला."

सगळा वेळ तिला मियानीवर लागायचा. मियानी म्हणजे दोन पायांच्या मधला चौकोनी तुकडा; तो नीट बसला की शिवण मांडीच्या आतून सरकून पुढे-मागे जाते. सून वैतागून म्हणायची, कोण पाहते तिथं? मावशी मान वर न करता सांगायची, "मांडीले शिलाई घासली तं पोरगी आठशे मीटर मांडीचाच विचार करन."

माझी सदरा-विजारीची जोडी तिनं मांजरपाटाहून मऊ, कोऱ्या सुती कापडाची शिवली. विजार गुडघ्यापर्यंत, ऐसपैस. मी आरशात पाहिलं आणि मला लाज वाटली. भंडाऱ्याच्या एका दुकानात काळी, चकचकीत, अंगाला घट्ट बसणारी पँट टांगलेली मी पाहिली होती. मैदानावर शहरातल्या मुली तशीच घालतात, असं कळलं होतं. वयाच्या अटीत बसणारी ती माझी शेवटची भरती होती. त्या दिवशी तरी मला खेडवळ दिसायचं नव्हतं. मी काळी पँट घातली. मावशीची जोडी पिशवीतच राहिली.

ऊन चांगलंच चढलं होतं. पहिली फेरी मी पुढे होते. दुसरीत कमरेचं इलॅस्टिक पोटात रुतलं, श्वास खालपर्यंत उतरेना. घाम आतच साचून कापड तापलं आणि मांडीच्या आतली शिवण प्रत्येक पावलाला करवतीसारखी चालली. शेवटची शंभर पावलं मी खरंच फक्त मांडीचा विचार करत होते. थोडक्यात गेलं. पण गेलं ते गेलंच.

मी घरी येऊन पहिलं काम काय केलं, तर मावशीची न घातलेली जोडी पाण्यातून काढून, घालून धुतल्यासारखी दोरीवर वाळत घातली.

दुसऱ्या दिवशी, माझी मांडी सोलल्याचं ऐकून, मावशी खोबरेल तेलाची बाटली घेऊन स्वतः एसटीनं आसगावला आली. मला आडवं पाडून तिनं जखम पाहिली आणि तिचा हात थांबला.

"इथं? इथं तं माही शिलाई येतच नाही."

सांगायचं असतं तर तेव्हाच. मी भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "मियानी गोळा झाली, मावशी."

तिनं बाटलीचं बूच काढलं. मग तेल लावत म्हणाली, "मंग माह्याच हातानं चुकलं." स्वतःच्या हातापेक्षा तिनं माझ्या शब्दावर भरवसा ठेवला. जाताना दोरीवरची जोडी घेऊन गेली.

त्यानंतर तिनं भरतीच्या मुलींचं शिवणं बंद केलं. कुणी आली की सांगायची, "माह्या कपड्यापायी एका पोरीची नोकरी गेली. मी नाही शिवत आता." मुली मग भंडाऱ्याला जाऊन तीच काळी पँट आणत आणि मांड्यांना पावडर लावत फिरत. मी खरं सांगायला तीनदा पवनीला गेले. तिन्ही वेळा तिनंच आधी विचारलं, "जखम भरली काय व?" तिन्ही वेळा मी हो म्हणाले आणि चहा पिऊन परत आले. इतकी भित्री मी, आणि पोलीस व्हायला निघाले होते.

पुढे लग्न होऊन मी चिखल्याच्या खाणकामगार वसाहतीत आले. मावशी गेल्याचं मला उशिरा कळलं. भेटायला गेले तेव्हा सुनेनं एक गाठोडं हातात दिलं. "तुमच्यासाठीच ठेवलं होतं वो. हात कापत होते, तरी हेच उसवत-शिवत बसून राहत."

आत माझी जोडी होती. प्रत्येक शिवण उसवून पुन्हा घातलेली. आणि मांडीच्या आतून, बरोबर माझ्या जखमेच्या जागी, तिच्या जुन्या लुगड्याचा धुऊन धुऊन लोण्यासारखा झालेला तुकडा. टाके इतके बारीक, की बोटाला लागत नव्हते.

एकदा मी ती जोडी घातली. आता अंग सुटलंय, पण माप धापेचं होतं, म्हणून बसली. वसाहतीमागच्या रस्त्यावर दम लागेपर्यंत पळाले. अंगावर कपडा आहे हे समजलंच नाही.

तो तुकडा लावला नसता, तरी समजलं नसतं.